बौद्धांचं पंचशील म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं ‘कर्तव्य’च का?

नाही, खोटं बोलू नये हे दोन्हीकडे आहे, पण कारण वेगळं. कांटचं कर्तव्य म्हणजे विवेकाने स्वतःला घातलेली बिनशर्त आज्ञा. १७९७च्या निबंधात तो दारात आलेल्या मारेकऱ्याशीही खोटं बोलू देत नाही (इथे भलेभले त्याची साथ सोडतात). शील मात्र ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणत घेतात, म्हणजे हा सराव मी पत्करतो. अंगुत्तर निकाय हा पाली ग्रंथ चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हणतो, त्यामुळे पाहायचं ते लोभ, द्वेष, मोह घटले का. म्हणून ते सद्गुणनीतीच्या, म्हणजे नियमापेक्षा स्वभाव घडवण्यावर भर देणाऱ्या विचाराच्या, जास्त जवळ. अभयराजकुमार सुत्तात (बुद्धाच्या एका उपदेशात) बाळाच्या तोंडातला खडा रक्त आलं तरी काढायचा, तो करुणेपोटी. कटू सत्यही तसंच, योग्य वेळी. फक्त भिक्षूंचा विनय, म्हणजे त्यांची नियमावली, वेगळी: चार पाराजिकांपैकी (सर्वांत गंभीर अपराधांपैकी) एक जरी घडलं, तरी संघाबाहेर.