दोघींचीही घड्याळं हळू, मग वय कोणाचं कमी?

"पृथ्वीवरून हिशेब केला तर यानातल्या बहिणीचं घड्याळ हळू, यानातून केला तर पृथ्वीवरच्या बहिणीचं हळू. मग परत आल्यावर यानातलीच तरुण कशी?" हा जुळ्या बहिणींबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला (एक पृथ्वीवर राहते, दुसरी यानातून अतिवेगाने लांब जाऊन परत येते). त्याखाली तुम्ही सरांचं उत्तरही दिलंय, "एवढं परीक्षेला येत नाही, सूत्रात किमती घाला." ते वाचून राहवलं नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी नेमकी इथेच अडकले होते. फरक एवढाच, की मला ते परीक्षेला आलं.

आधीच सांगते, मी संशोधक नाही. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. इथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत काम करणारं कोणी असेल तर त्यांनी बिनधास्त दुरुस्त करावं. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच, मायकेलसन-मोर्ली, आरशांमधलं प्रकाशाचं घड्याळ, गॅमाचं (वेगामुळे घड्याळ किती पट हळू होतं त्या आकड्याचं) सूत्र कसं येतं, हे तुमच्या नोट्समध्ये असणारच. ते सोडते.

आमच्या पेपरातला प्रश्न साधारण असा होता. पृथ्वीपासून ६ प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याकडे एक यान प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने जातं. (अ) पृथ्वीच्या फ्रेममध्ये (म्हणजे पृथ्वी स्थिर धरून केलेल्या मोजणीत) किती वर्षं लागतील? (ब) यानातल्या घड्याळात किती? (क) यान पोचतं त्या क्षणी, यानाच्या फ्रेममध्ये, पृथ्वीवरच्या घड्याळात किती वर्षं झालेली असतील?

(अ) १० (६ भागिले ०.६), (ब) ८ (या वेगाला घड्याळ ०.८ पटच चालतं). इथवर कोणाचा वाद नाही. (क) ला मी ६.४ लिहिलं. यानाच्या फ्रेममध्ये पृथ्वीच ०.६ वेगाने दूर चाललीय, तिच्या घड्याळालाही तोच नियम, म्हणून ८ गुणिले ०.८. मॉडेल आन्सरमध्ये होतं १०. मला त्या उपप्रश्नाला भोपळा.

मग सुरू झाली वारी. आधी गुणपडताळणीचा अर्ज केला. त्यात फक्त बेरीज पुन्हा करतात, हे पैसे भरल्यावर कळलं. मग छायांकित प्रतीसाठी वेगळी फी, वेगळा डिमांड ड्राफ्ट. प्रत हातात आली तेव्हा पुनर्मूल्यांकनाची मुदत संपत आलेली, तरी तोही अर्ज दिला. सोबत दोन पानी आकडेमोड जोडली. खिडकीवरच्या माणसाने ती पानं काढून मला परत दिली. "विषयाचं काही जोडायचं नाही मॅडम, फॉर्म तेवढा द्या." शेवटी एका ओळीचं पत्र आलं, गुणांकन आदर्श उत्तरानुसार योग्य आहे. अहो, आदर्श उत्तरच चुकलंय हीच तर तक्रार होती! माझं उत्तर पुन्हा तपासा म्हणायला फॉर्म होता. तुमचं उत्तर तपासा म्हणायला फॉर्मच नव्हता. पत्र येईपर्यंत एम.एस्सी.चे प्रवेश उरकले होते आणि माझा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकलेला होता. विद्यापीठाचं नाव घेत नाही. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात, नियमही बदलले असतील, त्यामुळे माझ्या अनुभवावरून घाबरू नका. एक मात्र करा. सापेक्षतेच्या प्रत्येक उत्तरात, प्रत्येक ओळीत, "पृथ्वीच्या फ्रेममध्ये" किंवा "यानाच्या फ्रेममध्ये" असं लिहाच. तपासणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

आता मुद्दा. १० आणि ६.४ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या प्रश्नांची. सगळा घोळ "त्या क्षणी" मध्ये आहे. यान ६ प्रकाशवर्षं लांब आहे. इतक्या दूरच्या दोन जागी एकाच वेळी काय चाललंय, हे प्रत्येक फ्रेम आपल्या हिशेबाने ठरवते आणि ते हिशेब जुळत नाहीत. यालाच सिमल्टेनिटीची (एकाच वेळी घडण्याची) सापेक्षता म्हणतात. वर्गात टाइम डायलेशनला (चालतं घड्याळ हळू) एक तास, लांबी आकुंचनाला (चालती वस्तू आखूड) एक तास आणि हिला जाता जाता दोन वाक्यं. माझं मत विचाराल तर उलटं शिकवायला हवं. ही कळली की बाकीची दोन आपोआप बसतात. ही न कळता बाकीची दोन पाठ केली की तुमच्यासारखा प्रश्न पडणारच. तो पडला म्हणजे तुम्ही विचार करताय.

समजा ताऱ्यापाशीही एक घड्याळ ठेवलंय, पृथ्वीच्या फ्रेममध्ये पृथ्वीच्या घड्याळाशी तंतोतंत जुळवलेलं. यान निघालं तेव्हा पृथ्वीवाल्यांच्या मते दोन्ही घड्याळांत शून्य. यानाच्या मते मात्र ताऱ्याजवळच्या घड्याळात तेव्हाच ३.६ वर्षं झालेली आहेत (प्रकाशाचा वेग c = १ धरून वेग गुणिले अंतर, ०.६ गुणिले ६). यानाच्या फ्रेममध्ये ताऱ्याचं अंतर आकसून ४.८ प्रकाशवर्षं होतं, म्हणून प्रवासाला ८ वर्षं. त्या ८ वर्षांत ताऱ्याजवळचं घड्याळ हळू चालून ६.४ वर्षंच पुढे सरकतं. ३.६ आणि ६.४, झाले १०. यान पोचल्यावर खिडकीबाहेरच्या घड्याळावर १० दिसतात आणि पृथ्वीवालेही तेच म्हणत होते. शेजारी शेजारी असलेल्या दोन घड्याळांवर कधीच भांडण होत नाही. भांडण असतं ते लांबच्या घड्याळांवर, आणि पृथ्वीचं घड्याळ या वेळी लांब आहे.

आता परतीचं. यान वळतं म्हणजे फ्रेम बदलतं. जायच्या फ्रेममधल्या हिशेबाने पृथ्वीवर आत्ता ६.४ वर्षं झालीत. त्याच जागेवरून, परतीच्या फ्रेममधल्या हिशेबाने, पृथ्वीवर आत्ता १३.६ वर्षं झालीत. मधल्या ७.२ वर्षांचा हिशेब यानातल्या बाईने केलेलाच नसतो. परतीत पुन्हा ६.४. एकूण ६.४ अधिक ७.२ अधिक ६.४, म्हणजे २०. यानात ८ आणि ८, १६. पृथ्वीवर त्या वळणाच्या वेळी काही उडीबिडी बसत नाही, तिथे लोक नेहमीसारखे चहा पीत असतात. बदलतो तो यानातल्या बाईचा "आत्ता". प्रवासभर ती पृथ्वीचं घड्याळ हळूच मोजते, दोन्ही वेळा, आणि तरीही शेवटी पृथ्वीचं घड्याळ पुढे निघतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

ही जुळवाजुळव वाटत असेल (मला वाटली होती), तर "आत्ता" वगैरे सगळं विसरा आणि फक्त संदेश मोजा. दोघी बहिणी आपापल्या घड्याळाप्रमाणे दर वाढदिवसाला एकमेकींना रेडिओ संदेश पाठवतात. ०.६ वेगाला डॉपलरचा गुणक (वेगामुळे संदेश मिळण्याचा दर किती पट बदलतो तो आकडा) नेमका २ येतो: दूर जाताना संदेश निम्म्या दराने मिळतात, जवळ येताना दुप्पट. यानातलीला जाताना ८ वर्षांत ४ संदेश, येताना ८ वर्षांत १६. एकूण २०. पृथ्वीवरचीला वळणाची बातमी १० अधिक ६, म्हणजे १६व्या वर्षी कळते. तोवर तिला निम्म्या दराने ८ संदेश मिळालेले, उरलेल्या ४ वर्षांत दुप्पट दराने ८. एकूण १६. फरक कुठे पडला पाहा: यानातलीचा दर अर्ध्या वाटेत, ती वळली त्याच क्षणी बदलला. पृथ्वीवरचीचा मात्र फार उशिरा बदलला. इथे कोणाचं घड्याळ खरं हळू हा वादच येत नाही, कारण आलेले संदेश कोणीही मोजू शकतं. परीक्षेत वेळ असेल तर मी हीच पद्धत लिहीन.

आता माझा राग असलेलं एक उत्तर. "यानाला त्वरण असतं म्हणून ते तरुण राहतं, आणि त्यासाठी सामान्य सापेक्षता (आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत) लागते." गाइडांमध्ये हमखास असतं. अर्धं खरं आहे. त्वरणामुळे दोघींमधलं साम्य मोडतं हे बरोबर. पण ७.२ वर्षं त्वरणातून येत नाहीत, ती वेग आणि अंतरातून येतात. त्वरण पूर्ण काढून टाका: ताऱ्यापाशी परतीच्या वाटेवरचं दुसरंच यान भेटलं, त्यातल्या घड्याळात पहिल्या यानाची वेळ लावली, आणि ते पृथ्वीशी आलं. त्यावर १६ च दिसणार. सामान्य सापेक्षतेची इथे गरज नाही.

हे मला कागदावर पटलं ते साध्या आकृतीने. ग्राफपेपरवर आडवं अंतर, उभा वेळ. पृथ्वीची रेघ सरळ वर, यानाची कोपऱ्यात मोडलेली. पुण्याहून नाशिकला एक गाडी संगमनेरवरून गेली आणि दुसरी मुंबईला वळसा घालून, तर दोघांच्या किलोमीटरच्या मीटरवर वेगळे आकडे येतात. कोणाचा मीटर बिघडला असं कोणी विचारत नाही. घड्याळ हा तसाच मीटर, रस्त्यागणिक वेगळा. फक्त इथे पायथागोरसमध्ये वजा येतं: १० चा वर्ग वजा ६ चा वर्ग, वर्गमूळ ८. म्हणून वळशाचा रस्ता जास्त नाही, कमी भरतो.

"पण हे खरंच घडतं का?" असं खाली एकांनी विचारलंय, त्यांच्यासाठी म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड आणि अल्पायुषी कण). थांबलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात ६६० मीटरच. वैश्विक किरणांमुळे तो तयार होतो साधारण १५ किलोमीटर उंचीवर, आणि तरी खाली पोचतो. १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर ठरावीक वेगाचे म्युऑन मोजले: तासाला साडेपाचशेच्या वर. मग तीच मोजणी समुद्रसपाटीवर केली तर चारशेच्या वर. घड्याळं हळू होत नसती तर तीसही उरले नसते. म्युऑनच्या फ्रेममध्ये त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, पण डोंगरच चपटा झालेला असतो. तेही बरोबरच. उटीला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) ग्रेप्स-३ प्रयोगात ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक आहे. तिकडे सहलीला जाणाऱ्यांना सगळं दिसतं, हे दिसत नाही, असो.

तुमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा, १९७७ चा. तिथे म्युऑन गोल कड्यात फिरवले, गॅमा २९.३. आयुष्य २.२ वरून ६४ मायक्रोसेकंदांवर गेलं. गोल फिरून त्याच जागी परत येणारा कण म्हणजे शब्दशः प्रवासाला जाऊन आलेली बहीण. आणि त्यांच्यावरचं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या १०चा १८ वा घात, एवढ्या पटीत होतं. तरीही फरक फक्त वेगाच्या सूत्राएवढाच आला. त्वरणवाल्या गाइडला हे दाखवा.

१९७१ चा हाफेली आणि कीटिंगचा प्रयोगही वाचा. सिझियमची अतिअचूक अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. पुढे कशी, असं वाटेल. एक तर उंचीवर गुरुत्व कमी, म्हणून घड्याळ जलद. दुसरं म्हणजे जमिनीवरचं घड्याळ स्वतःच पृथ्वीबरोबर पूर्वेकडे फिरतंय. पश्चिमेला उडणारं विमान तो वेग कमी करतं. "चालणारं घड्याळ हळू" एवढंच पाठ केलेल्याची इथे दांडी उडते.

जीपीएसबद्दल थोडक्यात, कारण ते हमखास विचारतात. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. वेगामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे, कमी गुरुत्वामुळे ४५ पुढे, निव्वळ ३८ पुढे. म्हणून घड्याळांची वारंवारता जमिनीवरच १०.२३ मेगाहर्ट्‌झपेक्षा किंचित कमी लावून पाठवतात. "दुरुस्ती केली नाही तर रोज ११ किलोमीटरची चूक" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा ३८ मायक्रोसेकंद गुणिले प्रकाशाचा वेग एवढाच आहे. सगळ्या उपग्रहांत सारखीच असलेली चूक रिसीव्हर स्वतःच्या घड्याळाची म्हणून बरीचशी वजा करतो, त्यामुळे प्रत्यक्ष गणित तितकं सरळ नाही. तोंडी परीक्षेत ठोकून सांगू नका, एखादा परीक्षक जाणकार निघायचा.

सरावासाठी एक टीप. वेग नेहमी ०.६ किंवा ०.८ घ्या, ३-४-५ च्या त्रिकोणामुळे वर्गमुळं सरळ सुटतात. वर्षं आणि प्रकाशवर्षं वापरा, मीटर-सेकंदात शिरू नका. आणि "दिसतं" आणि "मोजलं जातं" यांची गल्लत करू नका. जवळ येणाऱ्या यानातलं घड्याळ दुर्बिणीतून जलद चालताना दिसतं, प्रकाशाला लागणारा वेळ वजा केल्यावर ते हळू निघतं. वरच्या संदेशांत तुम्ही दिसणारं मोजलंत, ६.४ मध्ये वजाबाकी केलेलं.

आता हेच सगळं ०.८ वेग आणि ८ प्रकाशवर्षं घेऊन करा. डॉपलरचा गुणक ३ येईल, "आत्ता"मधला फरक १२.८ वर्षं, आणि शेवटी संदेश २० आणि १२ यायला हवेत. नाही आले तर वहीच्या पानाचा फोटो इथे टाका. रविवारी पेपर तपासून झाले की बघते.