वाचकांचे प्रश्न : कॉम्रेड डांग्यांचं काय करायचं?

प्रश्न : माझे आजोबा गिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवायचे, घरात कॉम्रेड डांग्यांचा फोटो होता. आता मित्र म्हणतात डांग्यांनी बाबासाहेबांना निवडणुकीत पाडलं, त्यांचं नाव काय घेतोस. यातलं खरं काय? (एक वाचक, परळ)

उत्तर : दोन्ही खरं आहे. तुमच्या आजोबांनी कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांग्यांचा फोटो लावला त्याला कारण होतं आणि मित्रांच्या रागालाही आहे.

१९२८ च्या एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. मालकांना एकाच माणसाकडून जास्त साचे चालवून घ्यायचे होते, म्हणजे माणसं कमी, कापड तेवढंच आणि वर मजुरीत कपात. डांगे निफाड तालुक्यातल्या करंजगावचे, जन्म १८९९ चा. विल्सन कॉलेजात बायबलचा तास सक्तीचा होता त्याविरुद्ध चळवळ केली म्हणून कॉलेजातून काढलेले, १९२२ पासून 'सोशालिस्ट' नावाचा पेपर चालवलेला, आणि कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा झालेली ती भोगून नुकतेच सुटलेले. त्या संपातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावटा म्हणायचे तिला, आणि हे तिचे सेक्रेटरी, वय तिशीच्या आत. संप मिटून सहा महिने होतात न होतात तोच १९२९ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्टांवरच्याच मीरत कटाच्या खटल्यात परत उचललं. आपल्यासाठी दोनदा जेलमध्ये गेलेल्या माणसाला कामगार विसरत नाही, म्हणून तो फोटो.

आता दुसरी बाजू. त्याच १९२८ मध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नव्हते, कारण धोट्यातली सुताची कांडी बदलली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ. बाबासाहेबांनी हे लावून धरलं तेव्हा कुठे ती मागणी संपाच्या मागण्यांत आली. लाल बावट्याला हे आधी आपणहून सुचायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं. तरी दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, बाबासाहेब आणि डांगे एका व्यासपीठावर. हे आज दोन्हीकडचे लोक सांगत नाहीत, सांगायला पाहिजे.

मग आली १९५२ ची पहिली निवडणूक. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच टाकली तर एक बाद. बाबासाहेब राखीव जागेवर उभे, सोशालिस्टांशी युती करून, आणि डांगे सर्वसाधारण जागेवर. कम्युनिस्टांचा प्रचार काय, तर आपलं दुसरं मत कुजवा, म्हणजे दोन्ही डांग्यांच्याच पेटीत टाका. हजारो मतं बाद झाली. बाबासाहेब साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले, आणि डांगेही निवडून आले नाहीत! पडायला काँग्रेसची ताकद हेही कारण होतं हे खरं, पण ज्याच्याबरोबर १९३८ ला उभे राहिलात त्याच्याविरुद्ध मत कुजवा सांगायचं, याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये.

प्रश्न : संयुक्त महाराष्ट्र म्हटलं की अत्रे, एसेम (एस. एम. जोशी). डांग्यांनी काय केलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गिरणगाव आणलं. भाषावार राज्याची मागणी नुसती शिकलेल्या लोकांच्या ठरावांत राहिली असती तर दिल्लीने कितीही वर्षं टोलवली असती. २१ नोव्हेंबर १९५५ ला कामगार पाळ्या सोडून फ्लोरा फाउंटनकडे निघाले आणि गोळीबारात माणसं मेली, तिथून हा प्रश्न चाळीचाळीत गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली त्यात प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि बाबासाहेबांचं शेड्युल्ड कास्ट फेडरेशन सगळे आले, आणि वरच्या उत्तराशी जोडून सांगायचं तर १९५७ ला मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचा उमेदवार दोघेही निवडून आले. पाचच वर्षांपूर्वी मतं कुजवलेली, आता दोघं एका समितीकडून. पण बाबासाहेब १९५६ च्या डिसेंबरमध्येच गेले होते.

प्रश्न : एवढ्या मोठ्या लीडरला स्वतःच्याच पार्टीने का काढलं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काँग्रेसशी जवळीक. १९६४ ला कम्युनिस्ट पक्ष फुटला तेव्हाही मूळ भांडण चीन-रशिया आणि काँग्रेसबद्दलच्या धोरणाचं होतं, त्यात डांग्यांच्या नावची १९२४ ची पत्रं बाहेर आली, ब्रिटिशांना मदत देऊ केल्याची. डांगे म्हणाले बनावट आहेत. राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) झाला, डांगे मूळ पक्षातच राहिले. पुढे इंदिरा गांधींना पाठिंबा, आणीबाणीलाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात दुखणारी गोष्ट ती, कारण त्याच आणीबाणीत १९७५ ला किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, संपांवर बंदी, आणि गिरणी कामगारांचा हा माणूस तरी सरकारच्याच बाजूला. नंतर पक्षाने चूक कबूल केली, डांग्यांनी लाईन सोडली नाही आणि १९८१ ला त्यांना काढलं. २२ मे १९९१ ला ते गेले, आदल्याच रात्री राजीव गांधींची हत्या झालेली.

प्रश्न : उषाताई डांग्यांबद्दल कुठे वाचायला मिळेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उषाताई म्हणजे डांग्यांच्या पत्नी, त्यांचं स्वतःचं आत्मचरित्र आहे, 'पण ऐकतं कोण'. गिरण्यांमधल्या बायकांना संपात उतरवण्याचं काम उषाताईंनी केलं आणि लाल बावट्याच्या कुठल्याही गोष्टीत ते दोन ओळींत उरकतात. जुन्या लायब्ररीत मागा, मिळेल.