यूकेत स्टुडंट्स युनियनचं पार्ट-टाइम ऑफिसर व्हायचंय? मग हे वाच

युनियनच्या निवडणुकीला उभी राहतेयस ना, मस्तच, नक्की राहा गं. फक्त एक लक्षात ठेव, सॅबॅटिकल ऑफिसरला (म्हणजे अभ्यास थांबवून किंवा संपवून वर्षभर युनियनचंच काम करणाऱ्याला) वर्षभर फुलटाइम पगार असतो, पार्ट-टाइमवाले मात्र अभ्यास सांभाळून बहुतेक फुकटच राबतात, त्यामुळे डिझर्टेशनच्या तारखा आधी कॅलेंडरवर टाक मगच फॉर्म भर. आणि समोर कोणी उभं नाही म्हणून गाफील राहू नकोस हां, बॅलटवर 'रॉन' असतं, म्हणजे रीओपन नॉमिनेशन्स, 'यातलं कोणी नको, पुन्हा अर्ज मागवा' असा पर्याय, त्याला जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा! म्हणून फक्त आपल्या देसी ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, नायजेरियन चायनीज ब्रिटिश सगळ्यांशी लायब्ररीबाहेर उभं राहून बोल.

निवडून आलीस की खरं काम कौन्सिलमध्ये, म्हणजे युनियनचे निर्णय मतदानाने घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभेत. तिथे नुसती तक्रार चालत नाही, मोशन म्हणजे ठराव लिहावा लागतो, आधी वस्तुस्थिती मग आपलं म्हणणं मग युनियनने नेमकं काय करायचं. हा शेवटचा भाग जितका नेमका तितकं बरं. 'इंटरनॅशनल विद्यार्थ्यांना मदत करा' असं लिहिलंस तर सगळे हात वर करतील आणि पुढे काहीच हलणार नाही, त्यापेक्षा 'फी हप्त्यांत भरायची सोय मागा, पुढच्या मीटिंगला उत्तर आणा' असं लिही.

मानधन मिळणार असेल तर स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करायची जी मर्यादा असते, त्यात ते धरतात का, हे इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लेखी घे, तोंडी नको.