जुन्या हिंदी चित्रपटांतले संवाद बंद खोलीत बोलल्यासारखे का वाटतात?

तुम्ही विचारलंय की सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटांत माणसं उघड्या माळावर उभी असली तरी आवाज बंद खोलीतला का येतो आणि ओठ कधीकधी का जुळत नाहीत. तो आवाज खरोखरच बंद खोलीतला आहे. १९८८ पासून काही वर्षं मी मुंबईतल्या एका डबिंग थिएटरात सहायक होतो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय.

बोलपट आला तेव्हा असं नव्हतं. १९३१ चा ‘आलम आरा’ चित्रीकरण चालू असतानाच ध्वनिमुद्रित झाला. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, म्हणून बरंचसं काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. पुढे कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला आणि गणित बदललं. आरिफ्लेक्स कॅमेरा हलका, कुठेही नेता येणारा, पण फिल्म फिरायला लागली की घरघर करायचा. त्यात जनरेटर, बघ्यांची गर्दी आणि शॉट चालू असताना ओरडून दिलेल्या सूचना. म्हणून जागेवर घेतलेला आवाज फक्त खुणेपुरता असायचा. त्याला आम्ही ‘पायलट’ म्हणायचो.

मग काही महिन्यांनी नट आमच्याकडे यायचे. प्रसंगाचे छोटे तुकडे करून प्रत्येकाची दोन्ही टोकं जोडायची, की झाला लूप. तेच वाक्य पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहतं, कानात पायलट वाजतो आणि नट अंधारात माइकसमोर उभा राहून ते नव्यानं बोलतो. आमची नजर ओठांवर. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, तेव्हा ती बसली की बाकीचं थोडं मागेपुढे खपून जातं. नाही बसली की तुम्हाला खटकतं.

पण एवढ्यावरून त्या कामाला खोटं म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मरणाच्या एका प्रसंगात एका ज्येष्ठ नटांना उभ्यानं श्वास सापडेना. ते सरळ जमिनीवर आडवे झाले आणि आम्ही माइक खाली नेला. तिसऱ्या लूपला खोलीत कुणी हललं नाही. तो अभिनय दुसऱ्यांदा केलेला होता आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा खोल होता.

कधी आवाज दुसऱ्याचाच असतो. ‘आखरी रास्ता’त (१९८६) श्रीदेवीसाठी रेखा बोलली आहे, ‘गुलाम’मध्ये (१९९८) राणी मुखर्जीचे संवाद मोना घोष शेट्टी यांनी म्हटलेत. राणीचा स्वतःचा किंचित घोगरा आवाज नंतर लोकांना इतका आवडला, की तो तेव्हा झाकला याचं मला अजून वाईट वाटतं.

हरवलं ते जागेचं बोलणं. पावलं आणि बांगड्या आम्ही नंतर थिएटरात वाजवून भरायचो, पण माळावरचा वारा काही पत्र्यावर वाजत नाही. २००१ च्या ‘लगान’नं भुजजवळ चित्रीकरणातच संवाद मुद्रित केले आणि ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी काही वेळ डोळे मिटून बसलो होतो. माणसं बोलायची थांबली तरी गाव ऐकू येत होतं.