वही राहिली घरी तर राहू द्या

ताई, पोरगं पाचवीत आलं तरी दप्तर तुम्हीच भरता म्हणता ना, मग आता त्याचं त्यालाच भरू द्या. वही राहिली तर राहू द्या, स्कूटी काढून शाळेत पळू नका, मी दोन वर्षं तेच केलं आणि थोरली सातवीत गेली तरी मलाच विचारायची, पप्पा माझी कंपास कुठंय. शेवटी एक दिवस नाहीच गेलो. पोरीनं शाळेत बोलणी खाल्ली, संध्याकाळी माझ्यावर फुगून बसली, पण दुसऱ्या दिवसापासून दप्तर रात्रीच भरून दाराशी. आता अकरावीला आहे, सातारा स्टँडवरून एसटीनं एकटी कराडला आजीकडं जाते, पहिल्यांदा गेली तेव्हा माझाच जीव वरखाली, तिला काय नाय.

अन् मार्कांवर मोबाईल वगैरे कबूल करू नका, मोबाईल हातात आला की अभ्यास बंद. त्यापेक्षा गणित कसं सोडवलंस ते विचारा. आपल्याच सातारा जिल्ह्यात काले गावात कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, पोरं 'कमवा आणि शिका' करून शिकली, आणि आपण दहा वर्षांच्या पोराचं ताट उचलतो! (बायको म्हणते आधी तुमचं उचला, ते पण खरंय.) पोरगं पहिले पंधरा दिवस चिडचिड करेल, तेवढी सोसा.