वाचकांचे प्रश्न : घाऊक व्यापारात भाव पाडावा का?

प्रश्न : गोव्यात, म्हापशाला आमची साबण-बिस्किटांची एजन्सी आहे. महिन्याची विक्री 20 लाख. आमच्या बार्देश तालुक्यातले काही पसरकार (किराणा दुकानदार) आता मोबाईल ॲपवरून माल मागवतात, तिथे भाव एक टक्का कमी पडतो. आम्हीही तेवढा सोडावा का?

उत्तर : सोडू नका. आधी कागदावर मांडून बघा. समजा मार्जिन 5 टक्के, म्हणजे 1 लाख. टेम्पो, डिझेल, सेल्समन, गोदामाचे भाडे यांत 55 हजार गेले, हाती 45 हजार. एक टक्का सोडलात की 20 हजार गेले, उरले 25. गेलेले भरून काढायला विक्री 25 लाखांवर न्यावी लागेल, तीही खर्च न वाढवता. बार्देशात एवढी नवी दुकाने कुठून आणणार?

खरी गळती उधारीत आहे. 21 दिवसांच्या उधारीत तुमचे 14 लाख अडकतात. ती 12 दिवसांवर आणलीत तर 6 लाख मोकळे होतात. वर्षाला 12 टक्के व्याज धरले तरी महिन्याला 6 हजार वाचले. त्यासाठी मागचे बिल चुकते झाल्याशिवाय नवा माल उतरवायचा नाही. पण हा नियम टिकतो तो लाइनचा वार, म्हणजे त्या भागात गाडी जाण्याचा ठरलेला दिवस, टिकला तरच. मंगळवारची शिवोलीची गाडी बुधवारी गेली, तर गल्ल्यातले पैसे दुसऱ्या एजन्सीने नेलेले असतात आणि फळीवर मालही तिचाच लागलेला असतो.

सहा साबण नि डझनभर बिस्किटपुडे दारात पोचवणे, खराब माल बदलून देणे, हे तुमचे बळ. पावसाळ्यात तर फारच. जून ते सप्टेंबर पेट्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचा. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढा. नरम पडलेल्या बिस्किटांचा आणि स्कीमचा (कंपनीने दुकानदाराला देऊ केलेल्या सवलतीचा) क्लेम कंपनीकडे दर महिन्याला गेलाच पाहिजे. स्कीमचे पैसे आधी तुमच्या खिशातून जातात, ही गोष्ट हिशेबात हटकून विसरली जाते.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या शॅकना (हंगामी खानावळींना) पाणी, शीतपेये पुरवतो. मेअखेर शॅक मोडतात, पैसे राहतात. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे चुकते करण्याचा नियम आम्हाला लागू आहे का?

उत्तर : नाही. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. एप्रिल लागला की शॅकला रोखीनेच माल द्या. जुन्या बाकीचा चेक परत आला, तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा. ती पोचल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार करता येते.