कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जायचं असेल तर

तू विचारलंस, बारावी सायन्सनंतर कॅलिफोर्नियातल्या डी अँझासारख्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं कॉम्प्युटर सायन्स करून मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, तिसऱ्या वर्षासाठी ट्रान्स्फर घेतली तर पैसे वाचतील का आणि तिचा बर्कली कॅम्पस मिळेल का. पैसे वाचतात. बर्कलीचा शब्द कुणीच देऊ शकत नाही.

पैशाचा हिशेब पूर्ण मांड. कम्युनिटी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्याला फी वर्षाला साधारण 10 ते 12 हजार डॉलर पडते, यूसीत 50 हजारांच्या वर. बचत फक्त पहिल्या दोन वर्षांची. तिसरं आणि चौथं वर्ष पूर्ण भावानेच घ्यावं लागतं, आणि घरी सांगताना मुलं नेमकं तेवढंच गाळतात. शिवाय बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं. डी अँझा जिथे आहे त्या कुपर्टिनोत खोली शोधायला लागलास की कळेल.

कॉलेज नाव बघून ठरवू नकोस. असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघड. कम्युनिटी कॉलेजातला कुठला कोर्स यूसीच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जातो, ते तिथे कॅम्पसनुसार आणि मेजरनुसार (मुख्य विषयानुसार) दिलेलं असतं. कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलसची मालिका, लिनियर अल्जेब्रा, डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स, आणि काही कॅम्पसना फिजिक्सही लागतं. यातले बरेच कोर्स एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. बारावीत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन केलंस म्हणून इथे क्रेडिट मिळत नाही, आणि सुरुवातच प्री-कॅल्क्युलसपासून झाली तर एक टर्म तिथेच गेली. येण्याआधी उन्हाळ्यात गणिताची उजळणी कर. कोडिंगचे व्हिडिओ नंतर बघ.

घाई कशासाठी? यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. तेव्हा हातात मुख्यतः पहिल्या वर्षाचेच ग्रेड असतात. 'पहिलं वर्ष रुळण्यात जाऊ दे' हा सल्ला प्रेमळ आहे, पण ऐकू नकोस.

यूसीत कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी टॅग (ट्रान्स्फर अ‍ॅडमिशन गॅरंटी) नावाची सोय आहे. अटी पाळल्या तर एका कॅम्पसवर प्रवेशाची हमी, परदेशी विद्यार्थ्यांनाही. तो अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा. डेव्हिस, अर्वाइन, सांता क्रूझ, सांता बार्बरा, रिव्हरसाइड आणि मर्सेड हे सहाच कॅम्पस त्यात आहेत. बर्कली, यूसीएलए, सॅन दिएगो नाहीत. या सहांतही काही मेजर वगळलेले असतात किंवा त्यांना जास्त जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आणि कॉम्प्युटर सायन्सवर गर्दी असल्यामुळे त्या वर्षीचा तक्ता स्वतः वाच. यूसीबाहेरची सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीसुद्धा यादीत ठेव. नातेवाइकांत मिरवायला नाव लहान वाटेल, पण फी यूसीपेक्षा बरीच कमी आणि सिलिकॉन व्हॅली दारात.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर दर टर्मला किमान 12 युनिट (कोर्सची क्रेडिट) घ्यावी लागतात, आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स धरला जातो. काम कॅम्पसवरच, टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास. ओळखीच्या दुकानात रोखीवर काम करणारी मुलं भेटतील. त्यांच्या नादी लागलास तर विद्यार्थी म्हणून राहण्याचं कायदेशीर स्टेटस जाईल. पुढे कॉलेज बदलताना व्हिसाची मुदत असेल तर नवा व्हिसा लागत नाही, सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड हलवून नवा आय-20, म्हणजे कॉलेजने दिलेला व्हिसासाठीचा फॉर्म, मिळतो.

मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये 'कम्युनिटी कॉलेजच का?' हा प्रश्न धरून चाल. 'स्वस्त आहे' एवढ्यावर थांबू नकोस. कुठला कॅम्पस, कुठले कोर्स, चारही वर्षांचा खर्च कोण करणार, हे सलग सांगता आलं पाहिजे. पहिल्या टर्मचे कोर्स ठरले की यादी पाठव, बघून सांगतो.